बल्लारपूरच्या उन्हाळ्यात एक साप

मागच्या डिसेंबरात आमच्या घरी एक साप राहायला आला. पुतण्याने पुण्यात पाळलेला बॉल पायथन. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, नव्या खोलीच्या मालकाने साप म्हटल्यावर हात जोडले आणि पेटी बल्लारपूरला माझ्याकडे आली. मी आयुष्यात गप्पी मासेही पाळले नव्हते.

आधी कायद्याचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. नाग, धामण, दिवड, अजगर असा आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला. तो पाळता येतो, पण या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. मालक बदलला की तेही कळवावं लागतं. ते आम्ही केलं. अम्मीने त्याचं नाव ‘मेहमान’ ठेवलं आणि स्वतःची खाट दुसऱ्या खोलीत नेली.

पुतण्याने जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "चाचा, खाणं आठ दिवस उशिरा दिलं तरी चालेल, तापमान चुकवू नका." सापाचं शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही. गारठा असेल तर गिळलेला उंदीर त्याला पचत नाही. ऊन फार झालं तर त्याला घाम येत नाही. म्हणून पेटीचं एक टोक गरम ठेवायचं, 31 ते 33 अंश, आणि दुसरं थंड, 25 ते 27. मधली निवड सापाची. ऊब हवी तर इकडे, नको असेल तर तिकडे.

पहिली चूक जानेवारीत केली. गरम टोकाखाली हीटिंग मॅट होती आणि तिला थर्मोस्टॅट जोडलेला. त्याची तापमान मोजणारी वायर मी पेटीत मधोमध हवेत लटकत ठेवली. हवा गार, म्हणून थर्मोस्टॅट मॅटला तापवतच राहिला. सहज तळाला हात लावला तर चटका बसला. साप अशा जागेवरून उठेलच असं नसतं, पोट भाजेपर्यंत काही वेळा तो तिथेच पडून राहतो. मेहमान त्या दिवशी नशिबाने दुसऱ्या टोकाला होता. तेव्हापासून वायर मॅटला चिकटून असते आणि साप जिथे पडतो तिथलंच तापमान मी मोजतो. काचेवर चिकटवलेल्या गोल काट्यावर विश्वास ठेवणं सोडलं.

खरी परीक्षा मे महिन्यात आली. सापाबद्दल मी जे जे वाचलं होतं, ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं. सगळा भर ऊब कशी द्यायची यावर. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. मॅट मी एप्रिलमध्येच बंद केली होती. थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, पेटी थंड करू शकत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पेटीत थंड टोक उरलंच नव्हतं. मेहमान दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसायला लागला. मला वाटलं, मजेत आहे.

नवतपा सुरू झाला त्या आठवड्यात एका दुपारी लाईन गेली. कूलर थांबला. जोहरची नमाज पढून वर गेलो तर पेटीतला आकडा 36 होता. साप काचेला तोंड घासत फिरत होता. फ्रीजमधला बर्फ आणायला धावलो तेव्हा अम्मी म्हणाली, "बर्फात घालून मारशील त्याला. माठाजवळ ने."

तिची खोली खाली, मागच्या बाजूला. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, कोपऱ्यात माठ. मेहमानला उशीच्या सुती खोळीत घातलं, तोंड बांधलं आणि माठाच्या तिवईशेजारी फरशीवर ठेवलं. तासाभरात तो खोळीत वेटोळं करून शांत झाला. नंतर कळलं, आफ्रिकेत तो वारुळांत आणि उंदरांच्या बिळांत दडून उन्हाळा काढतो. म्हणजे त्यालाही मातीच हवी होती.

आता पेटी अम्मीच्या खोलीत, जमिनीवर असते. भर दुपारी बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, एकाच टोकाला टेकवतो. कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देत नाही, कारण ओल साचली की सापाची कातडी आणि छाती दोन्ही बिघडतात.

उन्हाळ्यात आपल्या वस्तीत न्हाणीघरात, कूलरखाली, माठामागे साप निघतात आणि सर्पमित्राला फोन जातात. आधी मला तो उपद्रव वाटायचा. आता दिसतं की धामण गारवा शोधत स्वतः चालत आलेली असते. आमच्या मेहमानला ती सोय नाही. त्याची वाट आपण बंद केली आहे. अम्मी एकदा एवढंच म्हणाली, "ती मांजरीची हदीस आठवते ना?" एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलीही नाही, त्याची तिला सजा झाली. ही हदीस मी मुलांना कितीदा सांगितली आहे, पण कोंडणाऱ्याच्या जागी स्वतःला कधी ठेवलं नव्हतं.

कुणी विचारलं, साप घेऊ का, तर मी एक काम सांगतो. मे महिन्यात आठ दिवस, दुपारी तीन वाजता, आपल्या खोलीच्या फरशीवर थर्मामीटर ठेवून आकडा लिहून काढा. लाईन गेलेली असेल तेव्हाही लिहा. मग ठरवा.

आमच्या वहीत आजचा आकडा 29 आहे. अम्मीने तिची खाट पुन्हा त्या खोलीत आणली आहे.