मग नदी वाहते कधी?

जुलै महिना आला की आमच्या शिवाजी पेठेत एकच चौकशी असते, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" दूधवाला विचारतो, भाजीवाल्या मावशी विचारतात आणि माझी चौथीची मुलं तर हजेरीच्या आधी विचारतात! पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांपेक्षा पक्के पाठ!

राधानगरी धरणाचं काम सुरू केलं राजर्षी शाहू महाराजांनी. महाराज १९२२ साली गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानेच उघडतात. गंमत आहे ना? पण खाली पूर आलाय की नाही, हे दरवाजा बघत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकदम फुगल्या की काय होतं, ते आम्ही २०१९ आणि २०२१ साली पाहिलं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. धरणातलं पाणी नदीतच सोडतात आणि ते अडवायला नदीत ठिकठिकाणी बंधारे आहेत. दगडी खांब आणि मध्ये गाळे. पावसाळा सरला की गाळ्यांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायच्या आणि मृगाच्या सुमारास काढायच्या. महाराष्ट्रभर याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. आमचा ऊस नि गूळ याच पाण्यावर.

हे शिकवताना एका मुलीनं विचारलं, "बाई, मग नदी वाहते कधी?"

खरंच, उन्हाळ्यात ती या बंधाऱ्याकडून त्या बंधाऱ्याकडे नुसती सरकते. त्या तुंबलेल्या पाण्यात गावांचं सांडपाणी नि कारखान्यांची घाण मिसळते. केंदाळ माजतं. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच कितीदा तरी पडलाय. आणि पंचगंगेकाठच्या आमच्या शहरानं २०२३ साली प्यायला पाणी आणलं ते काळम्मावाडीच्या धरणातून, दूधगंगेचं, पन्नासहून अधिक किलोमीटर पाइपातून! पाणी आलं याचा आनंद झाला, पण दारातल्या नदीकडे बघून जीव हळहळला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बरगे घातलेले असतील, तेव्हा वर्गाला राजाराम बंधाऱ्यावर नेणार आहे. वरचं पाणी आणि खालचं पाणी, दोन बाटल्यांत भरून आणायचं ठरलंय. बाटल्या मुलंच आणणार आहेत.