मूळ पेपर वाचलास का?

बढतीच्या अर्जात तीन रकाने असतात: एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन्स म्हणजे इतरांनी दिलेले हवाले, आणि एच-इंडेक्स. पहिला आणि तिसरा मी लगेच भरते. दुसऱ्यापाशी दरवेळी हात थांबतो, कारण त्या आकड्यात एक सायटेशन असं आहे, जे मला मोजवत नाही. गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरच्या एका पेपरात मी लिहिलं होतं की लोहाच्या गोळ्या घरापर्यंत पोचतात, पण पोटात जात नाहीत. का जात नाहीत, हे त्या बायकांनाच विचारायला हवं. पुढे दुसऱ्या कुणाच्या लेखात माझ्या पेपरचा हवाला देऊन छापून आलं की ग्रामीण बायका अज्ञानामुळे गोळ्या घेत नाहीत. ‘अज्ञान’ हा शब्द माझ्या पेपरात कुठेच नव्हता. माझ्या खात्यावर मात्र एक सायटेशन वाढलं.

पण हीच चूक मीही केलेली आहे. पीजी करत असताना माझ्या गाइड मॅडम प्रबंध शेवटाकडून वाचायच्या, आधी संदर्भयादी आणि मग बाकीचं. एके दिवशी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हा मूळ पेपर वाचलास का गं?” मी वाचला नव्हता. दुसऱ्याच्या पेपरातून वाक्य घेतलं होतं आणि त्याच्यासोबत संदर्भही उचलला होता. मॅडम रागावल्या नाहीत. “म्हणजे तू त्या माणसाची साक्ष काढलीस, पण त्याला भेटलीच नाहीस,” एवढंच म्हणाल्या. लायब्ररीत तो जुना खंड शोधायला मला दोन दिवस लागले. माझ्या वाक्यातला आकडा हॉस्पिटलात दाखल झालेल्या रुग्णांचा निघाला आणि मी तो सरळ गावाला लावला होता.

अशी चूक केवढी महागात पडते, ते एका पाच वाक्यांच्या पत्राकडे पाहिलं की कळतं. जानेवारी १९८०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं पत्र छापून आलं. हॉस्पिटलात असताना अफूच्या जातीची वेदनाशामकं मिळालेले ११,८८२ रुग्ण. त्यांतल्या आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली, इतकीच ती माहिती. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. २०१७मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे ६०८ हवाले तपासले. त्यांपैकी ४३९ ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे केलेलं होतं. हे रुग्ण हॉस्पिटलात दाखल होते, ही गोष्ट ४९१ जणांनी सांगितलीच नव्हती. मधल्या काळात अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या याच जातीच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने लाखाहून जास्त माणसं गेली. तो सगळा दोष एका पत्राचा नाही. औषध विकणाऱ्यांचा त्यात फार मोठा वाटा आहे. पण मूळ मजकूर न वाचता त्याची साक्ष काढणारे आमच्याच वैद्यकीय पेशातले होते, हे मला विसरता येत नाही.

याचं जास्त वाईट वाटतं ते सायटेशन मोजण्याचा पाया कशासाठी घातला गेला हे आठवलं की. युजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये ‘सायन्स’मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा एक हेतू असा होता की जुन्या पेपरवर पुढे कोणी टीका केली, कोणी तो खोडला, हे वाचणाऱ्याला कळावं आणि चुकीच्या माहितीचे आंधळे हवाले थांबावेत. १९६४मध्ये त्यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. तो शोधायचं साधन म्हणून जन्माला आला आणि आम्ही त्याची गुणपत्रिका केली. २००५मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स दिला: प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स असलेले तुमचे दहा पेपर असतील, तर तुमचा इंडेक्स दहा. हिशोब सोपा आहे, पण कोणी कशासाठी नाव घेतलं, याला त्यात जागा नाही.

आणि हवाल्या-हवाल्यात किती अंतर असतं! डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीचा पेपर आला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले होते. गावातल्याच या बायका घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. या पेपरचा हवाला देणाऱ्यांत बांगलादेशातल्या सिल्हेटचे आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगढचे संशोधक आहेत. नुसता आकडा उचलून ते थांबले नाहीत. घरभेटींची हीच दिशा धरून आपापल्या गावांत त्यांनी ती नव्याने तपासली आणि तिथेही बाळं वाचली. मोजणीत यांतला प्रत्येक हवाला एकच भरतो, माझ्या नावावर ‘अज्ञान’ चिकटवणाराही एकच. मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

गडचिरोलीच्या त्या पेपरवर पाच लेखकांची नावं आहेत. आपल्याकडे २०१५च्या एका परिपत्रकानंतर काही काळ वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीत फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय मिळे. तो नियम लावला तर पाचांतल्या तिघांची पाटी कोरी! घरोघर फिरून नोंदी ठेवणाऱ्या बायका तर लेखकांच्या ओळीतही नसतात.

सर्चच्या पुढाकाराने २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंवरचा अहवाल निघाला. बढतीच्या अर्जात त्यालाही रकाना नाही. पण त्याने महाराष्ट्र हलवला आणि पुढे राज्य शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

महाडच्या हिंमतराव बावस्करांचं कामही मला असंच वाटतं. कोकणात विंचू चावलेली माणसं फुप्फुसांत पाणी होऊन दगावत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली. विंचूदंशावर काम करणारे जगात थोडे, म्हणून हवाले देणारेही थोडेच असणार. विंचू चावतो तो शेतात राबणाऱ्याला, भाताचे पेंढे उचलणाऱ्याला. आणि तो माणूस पेपर लिहीत नाही.

मोजणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. निवड समितीपुढे शंभर अर्ज असतात आणि आकडा नसला तर ओळखीपाळखीला ऊत येतो, हेही मी पाहिलं आहे. पण समितीने उमेदवाराचे निदान दोन पेपर वाचावेत, एवढी अपेक्षा जास्त नाही. यंदाच्या अर्जाला मी एक जादा पान जोडलं आहे. माझ्या कामाचा खरोखर उपयोग कोणी केला, कोणी ते खोडून काढलं आणि कोणी चुकीचं उद्धृत केलं, ते त्यात लिहिलं आहे. ‘अज्ञान’वाल्या लेखाच्या संपादकांनाही मी पत्र पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

माझ्याकडे प्रबंध आला की आता मीही तो शेवटाकडून वाचते. म्हणून यंदा प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना आधीच सांगून ठेवते: यादीत ज्याचं नाव घालाल, त्याचा पेपर उघडून वाचा, नुसता सारांश नको. मिळत नसेल तर माझ्याकडे या. आपण मिळून शोधू.