अर्धा स्वयंपाक

चि. मुक्ता हीस,


तुझी आई काल फोनवर काळजीत होती. नव्या खोलीवर तू आठवड्यातल्या निम्म्या रात्री नूडल्सच खातेस, असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, खाऊ दे. कशा खायच्या ते मी मुक्ताला कळवते.

नूडल्सचं पाकीट म्हणजे अर्धाच स्वयंपाक आहे, एवढं लक्षात ठेव. मोमोफुकु आंदो यांनी 1958 साली जपानमध्ये पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. युद्धानंतरची टंचाई त्यांनी पाहिली होती. घरामागच्या शेडमध्ये खटपट करताना त्यांना युक्ती सापडली ती तळण्याची. वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात सोडल्या की त्यांतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. उकळतं पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं, म्हणून त्या झटपट शिजतात. टिकतात त्याही पाणी नसल्यामुळेच. पण पाकिटात येतो तो मुख्यतः मैदा, तेल आणि मीठ. भाजी, प्रथिनं आणि ताजेपणा आपण घालायचा. आंदोंच्या त्या पहिल्या नूडल्सच्या, म्हणजे चिकन रामेनच्या, वडीला आता मधोमध एक खळगा असतो, अंडं फोडून घालण्यासाठी. करणाऱ्यानेच खाणाऱ्यासाठी जागा ठेवली आहे, हे मला फार आवडतं.

ती जागा जो तो आपल्या परीने भरतो. कोरियात वर चीजची चकती ठेवतात आणि सोबत किमची घेतात. नेपाळ-दार्जिलिंगकडे वाई वाई नावाच्या नूडल्स न शिजवताच चुरतात आणि कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू घालून कालवतात. अगदी आपल्या भेळेसारख्या. या नूडल्सना चव आधीच लावलेली असते, म्हणून ते जमतं.

आता तुझ्या इंडक्शनवरची कृती. चमचाभर तेलात कांदा आणि लसूण परत. गाजर, मटार, कोबी, जे हाताशी असेल ते घाल आणि दोन मिनिटं हलव. मग पाणी ओत, पाकिटावर लिहिलंय त्याहून थोडं जास्त, कारण भाजीलाही ते लागतं. मोडाचे मूग घालणार असलीस तर ते आधी पाण्यात मऊ होऊ दे, नूडल्स त्यानंतर. अंडं हवं असेल तर नूडल्स सुटल्या की वर फोड, ढवळू नकोस, झाकण ठेव आणि पांढरं-पिवळं दोन्ही घट्ट होऊ दे. गॅलरीतल्या कुंडीत कोथिंबीर लाव. शेवटी ती आणि लिंबू हवंच. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जिभेला जाणवत नाही.

मिठाचं मात्र मनावर घे. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटातलं बरंचसं मीठ मसाल्याच्या पुडीत असतं. म्हणून पुडी अर्धीच घाल आणि उरलेली चव घरच्या डब्यातून आण. आईने दिलेला कांदा-लसूण मसाला अर्धा चमचा पुरे. त्यातही मीठ असतं, वरून घालू नकोस. कधी दाण्याचं कूट आणि लाल तिखट घालून बघ, रस्सा छान दाट होतो.

रोज मात्र खाऊ नकोस. पोळी-भाजी, वरण-भात यांची जागा नूडल्सना देऊ नये, हे मी आईइतकंच ठामपणे सांगते. पण अभ्यासाने दमून रात्री उशिरा परतलीस आणि भूक लागली, तर बिस्किटांवर निजण्यापेक्षा दहा मिनिटं उभी राहून एक कांदा चीर. स्वतःसाठी एवढं करण्याची सवय लागली की पुढचा सगळा स्वयंपाक येतो. खोलीतल्या मुलींनाही करून घाल, आणि तुझी स्वतःची कृती ठरली की मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी