ताकद निम्मी चालेल, स्टेपनी हवी

आमची आडत लातूरच्या बाजारात आणि घर रेणापुरात. रोज चाळीसेक किलोमीटर जाणं-येणं. त्या हिशेबाने इलेक्ट्रिक सेडान घेतली: पाचशेहून जास्त अश्वशक्ती, चार सेकंदांच्या आत ताशी 100चा वेग, 82 युनिटची बॅटरी. चालवायला गाडी फार छान, पेट्रोलच्या मानाने बचतही मोठी. पण तालुक्याच्या गावी ती सांभाळताना काय काय सोसावं लागतं, हे घेणाऱ्याला आधी कळायला हवं.

पहिली गाठ पडली आर्थिंगशी. सात किलोवॉटच्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवून घेतला, वेगळी केबल ओढली. हिवाळा सुरळीत गेला. एप्रिल लागला आणि चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडू लागला. वायरमनने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं. म्हणाला, "काका, चार्जर चांगलाय. खड्डा वाळलाय." कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्याभोवतीची काळी माती भेगाळली होती. ओल नसेल तर जमीन वीज ओढून घेत नाही. फ्रिज, पंखे तसेच चालतात. चार्जर मात्र आर्थिंग तपासल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि जिवाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. खड्ड्यात पाणी सोडल्यावर गाडी चार्ज होऊ लागली. आता उन्हाळाभर हे करावं लागतं, तेही 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यात.

दुसरी अडचण गाडीच्या पोटाची. बॅटरी तळाशी, जमिनीपासून जेमतेम साडेचौदा सेंटिमीटरवर. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा थेट पोटाला लागतो. गतिरोधकावरून गाडी तिरकी काढावी लागते. इथे खरचटतं ते गाडीतल्या सगळ्यात महाग भागाखाली.

टायरचं दुखणं त्याहून मोठं. दोन टनांहून जड गाडी, 19 इंची चाकं, टायरची बाजू बुटकी आणि स्टेपनी नाही. तिच्या जागी पंक्चर भरायचं द्रव आणि छोटा पंप. खिळा घुसला तर ते चालतं. खडीने टायरची बाजू चिरली तेव्हा काहीच उपयोग झाला नाही. टोचन करूनही नेता येईना, कारण चाकं मोटारींना जोडलेली. चारही चाकं उचलूनच न्यावी लागतात. लातूरहून सपाट पाठीचा ट्रक मागवला. त्या मापाचा टायर जवळपास मिळाला नाही, तो येईपर्यंत गाडी उभी.

लांबच्या प्रवासाचं वेगळंच. पुण्याचं अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. ताशी 80 वरून 120 वर गेलं की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, म्हणजे वेगासाठी घेतलेली गाडी बॅटरी वाचवायला हळू चालवायची. गाडी दीडशे किलोवॉट घेऊ शकते, पण वाटेत 30चं मशीन मिळालं तर दहावरून ऐंशी टक्क्यांवर यायला दोन तास लागतात. पुढे कोणाची गाडी लावलेली असेल तर तो वेळ वेगळा.

विजेवरची गाडी आपल्या भागाला हवीच. रोजच्या लातूर फेऱ्यांसाठी तिच्यासारखं स्वस्त साधन नाही. म्हणून घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं: सेकंदांचा आकडा बाजूला ठेवा. आधी घरचं आर्थिंग भर उन्हाळ्यात मोजून घ्या, गाडीचं पोट किती उंच आहे ते बघा आणि टायर लातुरात मिळतो का ते विचारा. ताकद निम्मी चालेल. उंची आणि डिक्कीतली स्टेपनी मात्र सोडू नका.