वडिलांचे गाणे, शिष्यांच्या हातून

१
नाशिक रोड स्टेशन,
डिसेंबर

चि. राणीस, अनेक आशीर्वाद.

बिटको चौकापर्यंत सोडायला आलीस आणि माझा हात सोडेनास. जानेवारीतल्या तुझ्या गाण्याच्या पहिल्या कार्यक्रमाची धास्ती मला कळते गं. अमृतसरची गाडी उशिरा आहे, म्हणून फलाटावरच लिहायला बसले.

ज्यांच्या ओढीने जालंधरला निघाले, ते दत्तात्रेय विष्णु पलुसकर, म्हणजे बापूराव, आपल्या नाशिकचेच. जन्म २८ मे १९२१. वडील पंडित विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढून राहिले. १९३१च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे. एवढ्या मोठ्या गवयाचा मुलगा, पण वडिलांसमोर बसून शिकायचे दिवस असे अर्ध्यावर तुटले.

गाडी आली. ग्वाल्हेरहून लिहीन.

२
ग्वाल्हेर

राणी,

गाडी थांबली आहे, बाहेर चहावाल्यांची हाकाटी चालू आहे. तू रोज सकाळी घोटतेस ती गायकी या गावची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे ती शिकले आणि महाराष्ट्रात घेऊन आले. मिरजेला त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि शिष्य घडवले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास त्यांतलेच.

पोरक्या बापूरावांना पुढे शिकवले ते मुख्यतः याच दोघांनी. विष्णु दिगंबरांनी शिष्यांना हात राखून शिकवले असते, तर त्यांच्या मुलाला ते गाणे मिळाले असते कुणाकडून? रात्रभर बर्थवर पडून हाच विचार करत होते.

३
जालंधर

राणी,

थंडी हाडांत शिरते आहे. देवी तलावाकाठच्या मांडवात माणसे घोंगड्या पांघरून ऐकत बसली आहेत. हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५पासून चालू आहे. १९३५ साली बापूराव याच संमेलनात पहिल्यांदा गायले. वय चौदा, तुझ्याएवढेच.

पंजाबला त्यांच्या वडिलांचे नाव चांगले ठाऊक होते. त्या नावाचे ओझे केवढे असेल! पण बापूराव पुढे गायले ते स्वतःच्याच गळ्याने. आवाज गोड, आलाप नेटका. थोडक्या वेळात राग समोर उभा राहायचा आणि भजनातही तीच निर्मळता यायची. १९४४ला त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९५२च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात ते अमीर खाँसाहेबांबरोबर गायले. १९५५ला सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले आणि त्याच ऑक्टोबरात, चौतिसाव्या वर्षी, गेले. पहिल्या मैफलीपासून जेमतेम वीस वर्षे मिळाली. तरी त्यांच्या ध्वनिमुद्रिका लावून आपण अजून सूर कसा लावावा ते शिकतो.

काल मध्यरात्री मांडवात एक मुलगा तानपुऱ्यामागे बसून गुरूला साथ देत होता. गुरू मध्येच थांबले, मान हलवून त्याला गायला सांगितले. तो घाबरला, मग गायला. मला तुझी फार आठवण आली.

जानेवारीत तू एकटी नसशील. तुझ्या गळ्यात तुझ्या गाण्याच्या बाई असतील, त्यांच्या गळ्यात त्यांचे गुरू. उद्या क्लासला गेलीस की आधी बाईंना वाकून नमस्कार कर. मग षड्ज लाव.

तुझी,
आई