पाठमोरा मुनी

मांगीतुंगीला जायचं हे आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, गेल्या दहा वर्षांचं टुमणं होतं. त्या रोज सकाळी निर्वाणकांड म्हणतात. तुंगीगिरीवरून राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि नव्व्याण्णव कोटी मुनी मोक्षाला गेले, त्या जागेला त्यांचा घरबसल्या नमस्कार चालतो. "रोज लांबूनच किती दिवस करू? एकदा जवळून करू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि "गुडघे?" हे माझं.

जिवतीहून मांगीतुंगी म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला. आम्ही तेलंगणाच्या हद्दीवर, तर ते बागलाणात, गुजरातेच्या बाजूला. घाट उतरून गडचांदूर, मग चंद्रपूर, वर्धा, रेल्वेनं मनमाड आणि तिथून सटाणा, ताहाराबाद करत पायथ्याचं भिलवाड. दुकान दोन दिवसांच्या वर बंद ठेवता येत नाही म्हणून हे घरी राहिले आणि मार्गशीर्षात आम्ही दोघीच निघालो. पिशवीत पाणी गाळायचं फडकं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईंचा गुडघ्याचा पट्टा. प्रवासातलं सांगण्यासारखं एवढंच, की मनमाडच्या फलाटावर सूर्य मावळायला आला तेव्हा आईंनी सगळं डब्यात बंद केलं आणि सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेतला नाही. शेजारची बाई चार वेळा चहा विचारून थकली.

पायथ्याच्या धर्मशाळेतून आम्ही पहाटे अंधारातच निघालो. दोन सुळके आहेत, मांगी ४,३४३ फूट आणि तुंगी ४,३६६ फूट. पायऱ्या किती, तर ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगतो. मी चारशेपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. सुरुवातीलाच डोलीवाले भेटतात. त्यातला एक आईंकडे पाहून म्हणाला, "आजी, तुमचं वजन म्हणजे आमच्यासाठी अर्धं पोतं. बसा." आई हसल्या, पण बसल्या नाहीत. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून देव पाहायचा हे त्यांना पटेना. मला मात्र वाटलं, त्याची सकाळची मजुरी गेली. हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. आमच्या दुकानात पोती उतरवणारे कोलाम पोरगे आईंना चालतात, मग डोली का नको? विचारलं तर म्हणाल्या, "पोतं नमस्कार करीत नाही."

दहा पायऱ्या चढायच्या आणि एक णमोकार बसून म्हणायचा, असा आईंनी हिशेब लावला. उजाडलं तेव्हा आम्ही अर्ध्यावरही नव्हतो. खाली शेतं धुक्यात होती. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती आहे, अखंड पाषाणातली. ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेनं घडवलेली ती मूर्ती, २०१६ च्या फेब्रुवारीत तिचा पंचकल्याणक झाला. गर्दी आता तिकडे जास्त. जुन्या गुंफांकडे आमच्यासारखी गुडघे धरून चढणारी माणसं.

मांगीच्या सुळक्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सुळक्याच्या पोटात गुंफा आणि भिंतीभर मूर्ती. काही वाऱ्यापावसानं इतक्या झिजल्यात की नाकडोळे बोटांनी चाचपावे लागतात. एका ठिकाणी आईंच्या पुढे असलेली मंडळी थबकली. तिथं एक मुनी आहेत, पण त्यांचं तोंड दिसत नाही. डोंगराकडे तोंड, आपल्याकडे पाठ. हे बलभद्र, म्हणजे कृष्णाचे थोरले भाऊ बलराम.

आपल्या पुराणात समुद्रकाठची द्वारका जळाल्यावर दोघे भाऊ रानात निघतात. तिथं जरत्कुमाराचा बाण लागून कृष्ण जातात आणि बलभद्रांना ते मानवतच नाही. भावाचा देह खांद्यावर घेऊन ते सहा महिने फिरतात. अखेर समजूत पटते, या तुंगीगिरीवर दहन होतं आणि बलभद्र दीक्षा घेतात. त्यांच्यापुढे आमच्या डोलीचं काय घेऊन बसलात, असं माझ्या मनात आलं.

पुढची गोष्ट एक गृहस्थ आपल्या मंडळींना सांगत होते. मुनी झालेले बलभद्र आहारासाठी नगराकडे निघाले. रूप असं देखणं की विहिरीवर पाणी काढणारी एक बाई पाहतच राहिली, आणि दोराचा फास घागरीच्या गळ्यात टाकायचा तो तिनं जवळच्या आपल्या लेकराच्या गळ्यात टाकला. ते पाहून बलभद्र मागे फिरले. पुन्हा वस्तीत यायचं नाही, रानात मिळेल तेवढाच आहार, असा नियम घेतला आणि डोंगराकडे तोंड करून बसले. मंडळी हसली. "बायकांचं ध्यान कुठं असतं बघा," असं कुणी तरी म्हणालंही.

मला हसू आलं नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जिवतीचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. आठ दिवसांनी टँकर आला होता. त्याचा आवाज आला की गल्लीतल्या सगळ्या बायका हातातलं टाकून धावतात, तशी मीही धावले. लेकराला अंगणात सोडलं आणि पाइप धरायला गेले. दोन घागरी भरल्या, शेजारणीशी नंबरावरून भांडलेही. परत आले तर आई ओल्याचिंब, मांडीवर पोर, आणि पोराच्या नाकातोंडातून पाणी येतंय. तो हौदात पडला होता. आईंनी केसाला धरून बाहेर काढला. वाचला. आता पुण्यात नोकरी करतो.

त्या दिवशी आई मला एक शब्द बोलल्या नाहीत. नंतरही कधी नाही. बावीस वर्षं. मला वाटायचं, एकदा शिव्या द्याव्यात आणि मोकळं करावं. श्रावणात शेजारच्या बायका जिवतीचा कागद भिंतीला लावून लेकरांसाठी पूजा करतात. आपल्यात ती नाही, पण त्या कागदातल्या लेकरं खेळवणाऱ्या बायांकडे मला वर नजर करून बघवत नसे. आईंचं न बोलणं हीच मला मोठी शिक्षा वाटत आली. घागर भरायच्या नादात लेकराला विसरलेली ती विहिरीवरची बाई मीच.

दर्शन झाल्यावर आई बाहेरच्या पायरीवर टेकल्या. पट्टा सोडून गुडघा चोळत म्हणाल्या, "त्या बाईचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही."

मी म्हटलं, "लेकरू वाचलं असणार. मुनींनी पाहिलं म्हणजे ओरडले असतील."

"लेकरू वाचलं तरी बाईचं काय?"

मग त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्या दिवशी हौदाचं झाकण त्यांनी काढलं होतं. सकाळचं पाणी गाळून झालं, फडक्यातली जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडायची म्हणून झाकण उचललं, जिवाणी सोडली आणि तेवढ्यात टँकरचा आवाज आला. हंडे द्यायला त्या आत गेल्या. झाकण उघडंच राहिलं. "न दिसणारे जीव जपून सोडले, बाई, आणि दिसणारा राहिला. तुला काय तोंडानं बोलू? तू मला विचारशील, झाकण कुणी काढलं, म्हणून मी गप बसले."

मला खरंच कधी सुचलं नव्हतं की झाकण कुणी काढलं. ते नेहमी बंद असायचं, जड सिमेंटचं, अडीच वर्षांच्या पोराला हललं नसतं. एवढी साधी गोष्ट. मी एकदाही विचारलं नाही, कारण चूक माझीच हे मी धरूनच चालले होते.

रागही आला. खोटं कशाला सांगू? बावीस वर्षं एकीनं एवढं ओझं वाहायचं आणि दुसरीनं बघत राहायचं! पण बघत राहणारीही तेच वाहत होती. मी काहीच बोलले नाही. बाटलीतलं उकळलेलं पाणी त्यांना दिलं. त्यांनी दर्शनापर्यंत घेतलं नव्हतं, आता घेतलं.

तुंगी त्यांना जमणार नव्हती, दोघींनाही ते कळलं. त्यांनी पदराच्या गाठीतले तांदूळ माझ्या हातात दिले, "माझ्या वाटचे चढव." मग मी एकटी गेले. सुळक्याभोवतीची वाट अरुंद, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. गुंफेत राम मुनीच्या रूपात ध्यानाला बसलेत. ना धनुष्य, ना सीता. आधी आईंचे तांदूळ चढवले, मग माझे. परत येताना वाटेत रडून घेतलं, कारण तिथं बघणारं कुणी नव्हतं.

उतरताना आईंनी स्वतःहून डोलीवाल्याला हाक मारली. सकाळचाच होता. "अर्धं पोतं आहे म्हणालास ना, मग पैसे पण अर्धे घे," म्हणाल्या. त्यानं घेतले नाहीत, पुरेच घेतले, आणि बरोबरच केलं. मी डोलीच्या मागे मागे चालत होते. आईंची पाठ दिसत होती, आणि मधूनमधून त्या मान वळवून मी येतेय ना ते बघत होत्या.

धर्मशाळेत पोचलो तेव्हा सूर्य मावळायला तासभर होता. आईंचं एकाशन होतं, गरम खिचडी आणि कढी मिळाली. पहिला घास घेणार तेवढ्यात मुलाचा फोन आला, "आजी चढली का?"

आईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "चढले," म्हणाल्या. "आणि तुला एक सांगायचंय, पण आधी जेवते. दिवस आहे तोवर."