भाव हातानं लिहायचा नसतो

अर्थव्यवस्थेचं प्रतिमान चालवताना भावालाच हात घालायचा मोह होतो. कापूस पाचशेनं उतरला असं धरा आणि मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरच्या शेतकऱ्याचं काय होईल ते सांगा, असं लोक म्हणतात. मी ते करत नाही. भाव हे उत्तर आहे. तेच आपण भरलं तर प्रतिमानानं शोधायचं काय? धक्का द्यायचा तो खरोखर बाहेरून आलेल्या गोष्टीला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं रोखली गेली. तिथं धक्का अमेरिकेच्या निर्यातीला. वऱ्हाडातली तेजी हा त्याचा परिणाम.

2025 ची गोष्ट अधिक नाजूक. 19 ऑगस्टपासून केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं; आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. जेमपॅक या सॉफ्टवेअरवर जीटॅप हे जागतिक व्यापाराचं प्रतिमान चालवताना इथं उणे 11 लिहावंसं वाटतं. पण त्यात बदलतो तो शुल्क धरून येणारा गुणक: 1.11 वरून 1.00, म्हणजे उणे 9.91 टक्के. उणे 11 लिहिलं तर परदेशी गाठींना वर सव्वा टक्का अनुदान दिल्यासारखं होतं, आणि संगणक हूं की चूं करत नाही.

मला आकड्याहून तारीख मोठी वाटते. ऑगस्टच्या मध्याला मोर्शी तालुक्यात पऱ्हाटी उभी असते. ती मोडून कुणी तूर पेरत नाही. म्हणून कापसाखालची जमीन मी बाह्य चलांत टाकतो. एक चल बाहेर गेलं की दुसरं आत घ्यावं लागतं, कारण आतली चलं आणि समीकरणं यांची संख्या जुळलीच पाहिजे; म्हणून जमीन वाटणाऱ्या समीकरणातलं एक चल मोकळं सोडतो. मग शेतकऱ्याच्या बाजूचा बराचसा भार भावावर येतो. 1861 ते 1865 साठी हीच मांडणी चुकली असती. तेव्हा ज्वारीच्या वावरात कापूस शिरायला वेळ होता.

भाव बाहेर ठेवतो तो एकाच ठिकाणी. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. बाजार त्याखाली जाऊ लागला आणि सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीला उतरली, की भाव तिथं खिळवतो आणि ती किती कापूस उचलेल हे प्रतिमानाला काढू देतो. ओलावा 12 टक्क्यांवर गेला म्हणून खरेदी केंद्रावरून परत आलेल्या कापसाला मात्र तो खिळा लागू नाही. असा कापूस मी वेगळा माल म्हणून मांडतो; त्याचा भाव मोकळाच.